उंचीनुसार बदलणारे फुलपाखरांचे विश्व : कुंभकोणम् ते निलगिरी

तमिळनाडूतील कुंभकोणम् हे नगर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंचीवर वसलेले आहे. भवानी या उपनदीद्वारे कावेरीला पाणी पुरविणाऱ्या निलगिरी पर्वतातील दोड्डबेट्टा शिखराची उंची मात्र २,६३७ मीटर आहे. एकाच खोऱ्यातील या दोन टोकांदरम्यान फुलपाखरांच्या प्रजाती बदलत जातात.

कारणे : उंची १,००० मीटरने वाढली की तापमान साधारणपणे ६.५ अंश सेल्सिअसने घटते. फुलपाखरे उडण्यासाठी लागणारी ऊब प्रामुख्याने सूर्यप्रकाशातून मिळवितात. शिवाय बहुतेक प्रजातींच्या अळ्या ठरावीक वनस्पतींवरच वाढतात. त्यामुळे हवामान व वनस्पती हे दोन्ही घटक निर्णायक ठरतात.

उंचीचे पट्टे : मैदानी भागात लिंबू व कढीपत्त्यावर वाढणारे ‘कॉमन मॉर्मन’ आणि रुईवर वाढणारे ‘प्लेन टायगर’ यांसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या प्रजाती दिसतात. पायथ्याच्या व मधल्या उतारांवर मैदानी आणि वनवासी अशा दोन्ही प्रजाती एकत्र येतात. म्हणून तेथे विविधता सामान्यतः सर्वाधिक असते. २०१९ मध्ये तमिळनाडूचे राज्य फुलपाखरू ठरलेले ‘तमिळ येओमन’ डोंगराळ वनांतीलच आहे. माथ्यावरील शोला वने व गवताळ प्रदेशांत प्रजाती कमी, परंतु ‘निलगिरी क्लाउडेड यलो’सारख्या प्रदेशनिष्ठ प्रजाती आढळतात. त्यांचे नातलग हिमालयात व समशीतोष्ण प्रदेशांत आहेत. म्हणजेच प्रजातींची संख्या आणि संवर्धनमूल्य या भिन्न बाबी होत.

स्थलांतर : नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाच्या सुमारास ‘डार्क ब्लू टायगर’, ‘कॉमन क्रो’ इत्यादी फुलपाखरे पश्चिम घाटातून पूर्वेकडील मैदानांकडे जातात व ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास परततात. त्यामुळे केवळ पर्वत राखून भागत नाही. वाटेवरील झाडोराही टिकणे आवश्यक ठरते.

संकट व संवर्धन : चहा, निलगिरी आणि वॅटल यांच्या लागवडीमुळे माथ्यावरील गवताळ प्रदेश आक्रसला. तापमान वाढल्यास खालच्या प्रजाती वर सरकू शकतात. शिखरावरील प्रजातींना मात्र जाण्यास जागा उरत नाही. निलगिरी हे १९८६ मध्ये देशातील पहिले जीवावरण राखीव क्षेत्र घोषित झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. शोला व गवताळ प्रदेश पावसाचे पाणी धरून ठेवतात व ते सावकाश प्रवाहांत सोडतात. त्यामुळे माथ्यावरील फुलपाखराचा अधिवास जपणे म्हणजे कुंभकोणम् परिसरातील भातशेतीच्या पाण्याचीही काळजी घेणे होय.