शाळेतून आलेल्या मुलाला काय विचाराल?





आपले मूल शाळेतून घरी येते. दप्तर कोपऱ्यात टाकते. आपण विचारतो, "आज काय शिकवले? गृहपाठ लिहून आणलास का? किती मार्क पडले?" हे प्रश्न योग्यच आहेत. ज्या घरात कालपर्यंत पाटी-पेन्सिल नव्हती, त्या घराने हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. परंतु आणखी एक प्रश्न आहे. तो आपल्या घरांत फार क्वचित विचारला जातो. तो असा : "आज शाळेत तुला कसे वाटले?"

आजच्या पाठात आपण या एकाच प्रश्नाचा विचार करू.

ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. दीक्षा मोठी माणसे विचार करून घेतात. त्रिशरण-पंचशील ग्रहण करतात, बावीस प्रतिज्ञा उच्चारतात. घरातील देव्हारा जातो आणि भिंतीवर बुद्धाची व बाबासाहेबांची प्रतिमा येते. पण मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसायचे असते. शेजारचा मुलगा विचारतो, "तुमच्याकडे यंदा गणपती का नाही बसला?" सरस्वतीपूजनाच्या दिवशी हातात फूल दिले जाते, तेव्हा ते वाहावे की नाही, हे त्याला कळत नाही. मोठ्या माणसाला अशा वेळी उत्तर देता येते. आठ वर्षांच्या मुलाला येत नाही. मग ते गप्प राहते, किंवा मारामारी करते, किंवा पोट दुखते म्हणून शाळा बुडवते.

एका पोटदुखीची गोष्ट

माझ्या वर्गात पाचवीला एक मुलगी होती. तिच्या आईवडिलांनी त्या वर्षी दीक्षा घेतली होती. एके दिवशी शिष्यवृत्तीची यादी तातडीने हवी होती. घाईत मी वर्गात म्हणाले, "अनुसूचित जातीच्या मुलांनी उभे राहा." सहा मुले उभी राहिली. ही मुलगी उठली नाही. मी हजेरीपट पाहून तिचे नाव घेतले. ती मान खाली घालून उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "बाई, पोट दुखतं म्हणते. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले." मुलगी माझ्याकडे पाहीना. बऱ्याच वेळाने ती एकच वाक्य बोलली, "बाई, आम्ही आता बौद्ध झालो ना? मग तुम्ही मला सगळ्यांसमोर तसं उभं का केलं?"

उपासकांनो, मला उत्तर सुचले नाही. कारण मला माझीच पाचवी आठवली. मलाही असेच उभे केले होते. मी ते घरी कधी सांगितले नाही. आईवडील मजुरीवरून थकून येत, त्यांना सांगून काय उपयोग, असे वाटे. पुढे मी आमच्या घरातील पहिली पदवीधर झाले, बी.एड. केले, शिक्षिका झाले. आणि जे मला लागले होते, तेच मी एका लेकराला केले. द्वेषाने नव्हे, सवयीने. पण सवयीने मारलेला दगडही लागायचा तो लागतोच.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माझे चुकले." मग तिला समजावले. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांनाही सवलती मिळाव्यात, म्हणून १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आहे. कागदावर जातीचे नाव लागते ते त्या हक्कासाठी. तू कोण आहेस, हे तो कागद ठरवीत नाही. तेव्हापासून शिष्यवृत्तीचे काम मी वर्गात करीत नाही. पालकांना बोलावून, शांतपणे अर्ज भरून घेते. मुलगी शाळेत परतली. तिची पोटदुखी थांबली.

मुलाचे दुखणे नेहमी पोटातच असते असे नाही. शरीराचे खरे दुखणे असेल तर ते डॉक्टरांना दाखवावेच. पण मूल वारंवार शाळा टाळत असेल, तर मनाचीही चौकशी करावी.

बाबासाहेबांची शाळा

बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या हायस्कुलात प्रवेश घेतला. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना इतरांपासून वेगळे, कोपऱ्यात बसावे लागे. बसण्याचे गोणपाट घरून आणावे लागे आणि संध्याकाळी घरी न्यावे लागे, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला शिवत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले.

त्याच शाळेत आंबेडकर नावाचे एक शिक्षक होते. ते मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातील भाजी-भाकरी लहान भीमाला देत. बाबासाहेबांनी ही आठवण आयुष्यभर जपली. शाळा तीच, मूल तेच. एका वागणुकीने मन जखमी होते, दुसरीने उभारी धरते. यावरून शाळेतील माणसांचे वागणे हाही एक धडाच असतो, हे ध्यानात घ्यावे. तो धडा मूल कधी विसरत नाही.

भावनांचे शिक्षण

आज जगभरचे शिक्षणतज्ज्ञ या गोष्टीला सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. त्यात पाच गोष्टी येतात : आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, त्यावर ताबा ठेवणे, दुसऱ्याच्या मनाची जाणीव ठेवणे, चांगली मैत्री जोडणे, आणि विचार करून निर्णय घेणे.

"यात वेळ घालवला तर अभ्यास मागे पडेल," अशी शंका येईल. २०११ साली अशा २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थी होते. हे शिक्षण मिळालेल्या मुलांचे वागणे सुधारलेच, पण अभ्यासही सुधारला. शंभर मुलांत मधोमध असणारे मूल सुमारे ११ मुलांच्या पुढे जाईल, एवढी ती प्रगती होती. भ्यालेल्या मनात गणित शिरत नाही, हा आम्हा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. आपल्या देशातही दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली नर्सरी ते आठवीपर्यंत यासाठी एक तास सुरू करण्यात आला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अशा शिक्षणाची गरज मान्य केली.

दुःखाला शब्द दिला की त्याची शक्ती होते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. शाळेने तिला नुसती अक्षरे दिली नाहीत, तर आपले दुःख सांगण्याची हिंमत दिली.

राहुलाचा आरसा

आता धम्माकडे वळू. भगवान बुद्धाने राहुलाला केलेला एक उपदेश मज्झिम निकायात आहे. अट्ठकथेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा होता, म्हणजे आपल्या दुसरीतल्या मुलाएवढा. बुद्धाने त्याला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा बुद्धाने सांगितले की आरशात जसे पाहतात, तसे आपल्या कृतीकडे, बोलण्याकडे आणि विचाराकडे पाहावे. करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे आणि केल्यानंतरही पाहावे. याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल का, हे तपासावे. चूक झाली असेल तर ती जाणत्यापुढे उघड करावी आणि पुन्हा करू नये.

वर सांगितलेल्या पाच गोष्टी या एका उपदेशात कशा येतात, ते पाहा. बुद्धाने राहुलाला धाक घातला नाही, पाप-नरकाची भीती दाखवली नाही. त्याने प्रश्न विचारला आणि मुलाला स्वतः विचार करायला लावले. आपणही असेच करावे. मुलाने कुणाला मारले, तर लगेच हात उगारू नका. विचारा, "मारण्यापूर्वी मनात काय आले होते? आता काय वाटते? त्याला काय वाटले असेल?"

हा आरसा आपल्या मुलाच्या हातात द्यायचा तो दुसऱ्या कारणासाठीही. आपले मूल सोसते, तसे ते कधी दुसऱ्याला सोसायलाही लावते. वर्गात पारध्याचे मूल असते, एखादे तोतरे बोलणारे असते, एखादे पायाने अधू असते. त्याला चिडवणाऱ्यांत आपले मूल असेल, तर आपल्या घरी वंदना होऊनही मैत्री-करुणा पोहोचलेली नाही, असे समजावे.

क्षमा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे

येथे एक सावधगिरीची सूचना. मन शांत ठेवा असे शिकवताना काही लोक अन्याय सोसायला शिकवतात. तो धम्म नव्हे.

एका ब्राह्मणाने बुद्धाला पुष्कळ शिव्या दिल्या. बुद्धाने विचारले, पाहुण्यांपुढे ठेवलेले अन्न त्यांनी घेतले नाही, तर ते कोणाचे राहते? घरधन्याचे, असे तो म्हणाला. त्याप्रमाणे तुझ्या शिव्या मी घेत नाही, त्या तुझ्याचपाशी राहिल्या, असे बुद्धाने सांगितले. मुलाला ही गोष्ट अवश्य सांगा. कोणी जातीवरून बोलले, तर ती लाज बोलणाऱ्याची आहे, आपली नाही. ती मनात घेऊ नको. पण एवढ्यावर थांबू नका. "मनात घेऊ नको, आणि घरी येऊन सांगितल्याशिवाय राहू नको," असे दोन्ही सांगा. मुलाने मन सांभाळायचे, आणि अन्यायाचा जाब मोठ्यांनी विचारायचा. हे ओझे मुलाच्या डोक्यावर ठेवू नये.

शाळेकडे कसे जावे?

जाब विचारणे म्हणजे भांडण नव्हे. आधी शिक्षकांना भेटा. काय घडले, कोणत्या दिवशी घडले, हे शांतपणे सांगा. बहुतेक शिक्षक ऐकतात. माझ्यासारखे चुकलेले तर नक्कीच ऐकतील. ऐकले नाही, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवा. आणि पुढील गोष्टी माहीत असू द्या :

१. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई आहे. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारीही कायद्याने शासनावर टाकली आहे.

२. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. वंचित घटकांतील पालकांना तेथे प्रमाणात स्थान आहे. भगिनींनो, त्या सभेला जा. मागच्या रांगेत बसू नका.

३. संविधानाच्या कलम २८ (३) प्रमाणे, शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक उपासनेत संमतीवाचून भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. तेव्हा पूजेच्या दिवसापूर्वीच शिक्षकांना नम्रपणे सांगून ठेवा. ऐनवेळी मुलाला एकटे झगडायला लावू नका. आणि मुलाला सांगा, की मित्राच्या श्रद्धेची टिंगल करायची नाही.

४. मूल फार भ्याले असेल, त्याचा छळ होत असेल, तर १०९८ या क्रमांकावर विनामूल्य फोन करून मदत मागता येते.

या पंधरवड्याचा अभ्यास

रोज संध्याकाळी वंदनेनंतर पाच मिनिटे मुलांजवळ बसावे. टी.व्ही. आणि मोबाईल बंद ठेवावेत. वडिलांनीही बसावे, हे काम एकट्या आईवर टाकू नये. मग तीन प्रश्न विचारावेत : आज कशाने आनंद वाटला? आज कशाने वाईट वाटले? आज तू कोणाला मदत केलीस? मूल बोलू लागले की मध्ये तोडू नये. "त्यात काय एवढे" असे म्हणू नये. पहिले काही दिवस ते "काही नाही" एवढेच म्हणेल. तरी विचारणे सोडू नये. आईवडिलांनीही आपला दिवस सांगावा. "आज मुकादमावर फार राग आला होता, पण मी थांबलो," असे वडील बोलले, तर मूल त्यातून पुष्कळ शिकते.

विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरत असेल, तर तेथे राहुलाची गोष्ट सांगावी आणि मुलांना बोलू द्यावे.

ती मुलगी आता आठवीत आहे. मागच्या महिन्यात एका नव्या मुलाला वर्गात जातीवरून कोणी बोलले, तेव्हा त्याच्या शेजारी जाऊन ती बसली आणि मधल्या सुट्टीत त्याला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, याला सांगायचं आहे."

आपल्या मुलांना सांगता यावे, आणि आपल्याला ऐकता यावे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!