अंदमानातील उन्हाळा : पर्यटकांसाठी आरोग्यविषयक सूचना

अंदमानात एप्रिल-मेमध्ये तापमान उत्तर भारतातील मैदानांइतके चढत नाही. मात्र दमट हवेत घाम वाळत नसल्याने शरीरातील उष्णता आतच कोंडते. सूर्योदय पहाटे ५ च्या सुमारास होतो. म्हणून पदभ्रमण, सायकलफेरी सकाळी ९ पूर्वीच आटोपावी. तहानेची वाट न पाहता पाणी, शहाळे किंवा ओआरएस घ्यावे. मगरींचा सूचनाफलक असलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नये.

स्कूबा डायव्हिंगनंतर २४ तास विमानप्रवास टाळावा. अन्यथा शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवास धोका संभवतो.

असंबद्ध बोलणे, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. रुग्णास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व तत्काळ ११२ क्रमांकावर संपर्क साधावा. बेशुद्ध व्यक्तीस पाणी पाजू नये.