अ‍ॅब्लेशननंतर ‘एएफ’ परतलं, आता पैसे कुठे घालायचे?

अ‍ॅब्लेशन (हृदयात नळी सोडून ताल दुरुस्त करायची प्रक्रिया) करूनही एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाचा ताल बिघडण्याचा आजार, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ‘एएफ’, परत आला की घरात पहिला प्रश्न निघतो : पुन्हा किती लाख लागणार? मावळातल्या पवनानगरच्या आसपास हा प्रश्न लगेच जमिनीचा तुकडा विकण्यापर्यंत जातो. माझं म्हणणं असं, की लाखांचा हिशेब मागाहून करा, आधी महिन्याच्या शेकड्यांचा करा. एएफमध्ये जिवावर बेततं ते बहुधा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात साकळलेल्या रक्तामुळे. तिथली गुठळी मेंदूत गेली की लकवा. एएफ असलेल्यांना हा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो. तो किती, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधी येऊन गेलेला लकव्याचा झटका यांवरून ठरवतात. अ‍ॅब्लेशन फसलं की यशस्वी झालं, यावरून नाही.

म्हणून पहिला खर्च रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा. इथे दोन वाटा आहेत. असिनोकुमरॉल किंवा वॉरफरिन ही जुनी गोळी महिन्याला दोन-चारशे रुपयांत भागते. पण तिच्यासोबत आयएनआर ही रक्ततपासणी आली आणि आकडा 2 ते 3 मध्ये राखणं आलं. खाजगी लॅबमध्ये तपासणीचे दोनशे ते चारशे, कामशेत किंवा तळेगावची फेरी आणि बुडालेला रोज धरला तर स्वस्त गोळी महिन्याला हजाराच्या वर जाते. सुरुवातीला तर तपासणी दर आठवड्याला लागते. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. पेटंट संपल्यापासून देशी कंपन्यांच्या अपिक्साबॅनचा महिन्याचा खर्च साधारण सातशे ते अठराशेच्या घरात येतो, ब्रँडप्रमाणे कमीजास्त. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि आधी जनऔषधी दुकानात विचारा.

नव्या गोळ्या मात्र सगळ्यांना चालत नाहीत. लहानपणी सांधेतापाने हृदयाची माइट्रल झडप अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल, तर जुनीच गोळी घ्यायची. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात सांधेतापातून झडप बिघडलेल्या एएफ रुग्णांमध्ये रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. बाकीच्यांनी पैसे वाचवण्यासाठी दोन गोष्टी करणं टाळावं : दोन वेळची गोळी एकदाच घेणं, आणि तिच्याऐवजी अ‍ॅस्पिरिन घेणं. 2011 च्या ‘अ‍ॅव्हरोज’ अभ्यासात अपिक्साबॅनवरच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनवरच्या रुग्णांपेक्षा लकव्याचे झटके निम्म्याहून कमी आले, आणि मोठा रक्तस्राव जवळपास सारखाच राहिला. अ‍ॅस्पिरिन स्वस्त पडते म्हणून ती या आजारात कामाची ठरत नाही.

भातलावणीनंतर कंबर धरली की जवळच्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घ्यायची आपल्याकडे सवयच आहे. रक्त पातळ असताना त्या जागी आत रक्त साकळू शकतं. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सुई टोचण्याआधीच गोळीचं नाव सांगा. दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं. जुन्या गोळीवर असाल तर पालेभाजी बंद करू नका, रोज साधारण तेवढीच खा. विळा लागला तर दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, न थांबल्यास दवाखाना गाठा.

दुसरा खर्च ठोक्यांचा वेग आवरायचा. मेटोप्रोलॉलसारखी गोळी रोज काही रुपयांची. उत्तर अमेरिकेत चार हजारांवर रुग्णांवर झालेला ‘अफर्म’ अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांनी ताल सरळ ठेवायचा की नुसता वेग आवरायचा, यात आयुर्मानाचा फरक त्यात दिसला नाही. 2010 च्या डच अभ्यासात विश्रांतीत वेग 110 च्या आत ठेवणं हे 80 च्या आत ठेवण्याइतकंच चांगलं ठरलं. म्हणजे ताल वाकडा राहिला तरी माणूस वर्षानुवर्षं नीट जगू शकतो. दम लागत नसेल, रोजची कामं होत असतील, तर ‘पुन्हा एकदा करून बघू’ याची घाई कशाला? नाडी मात्र पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एएफमध्ये आकडा फसवतो.

अमियोडॅरोन दिलं असेल तर गोळी स्वस्त, पण दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताच्या तपासणीचा खर्च धरावा लागतो, आणि नवा खोकला किंवा दम अंगावर काढता येत नाही.

आता लाखांचा हिशेब. पुण्यात थ्रीडी मॅपिंगसह अ‍ॅब्लेशन साधारण तीन ते पाच लाखांत होतं, आणि त्यात कॅथेटरचाच वाटा मोठा असतो. पैसे भरण्याआधी विचारा : जे परतलं आहे ते ईसीजीत दिसलं, की नुसती धडधड जाणवली? पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या गडबडीला अपयश धरत नाहीत. आलं आहे ते एएफच, की एट्रियल फ्लटर ही तालाची दुसरी गडबड? फ्लटरवर पुन्हा अ‍ॅब्लेशनला बऱ्याचदा चांगलं यश येतं. डावा कप्पा किती फुगला आहे? थायरॉइड, घोरणं, वजन तपासलं का? ऑस्ट्रेलियातल्या 2015 च्या अभ्यासात दहा टक्के वजन उतरवून टिकवणाऱ्यांमध्ये एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट निघाली. दारू सोडण्याचा फायदाही अभ्यासांत दिसला आहे, आणि त्याने तर उलट पैसे वाचतात. शेवटची वाट म्हणजे पेसमेकर बसवून हृदयातला विद्युतमार्ग कायमचा तोडणं. ते मागे घेता येत नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी त्यानंतरही सुटत नाही.

आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. रक्तदाब, ईसीजी, साध्या तपासण्या आधी तिथे होतात का, ते बघा. दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तुमची प्रक्रिया यादीत आहे का आणि कोणत्या नावाने, हे आधी विचारा, नाहीतर 155388 वर फोन करा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. महिन्याच्या गोळ्या मात्र बहुतेक खिशातूनच घ्याव्या लागतात.

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं तर 108 लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पवना धरणाकडे येणाऱ्या गाड्यांनी पवनानगरचा रस्ता तुंबतो, म्हणून अजिबात वेळ न दवडता निघा. पाकिटात चिठ्ठी असू द्या : गोळीचं नाव, डोस, शेवटची कधी घेतली. ते कळल्याशिवाय डॉक्टरांना इंजेक्शनचा निर्णय घेता येत नाही.