मुक्या रुग्णाचा साक्षीदार

जुवाखाली बैलाची मान सोलपटते व सुजते. शेतकरी तिला खांदेसूज म्हणतात. पशुवैद्य जखम धुतो, मलम लावतो, विश्रांती सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी तोच बैल त्याच गाडीस जुंपला जातो. येथे औषधाचा उपाय संपतो. ओझे किती व काम किती वेळ, हे नियमानेच ठरावयाचे. आणि नियम करणाऱ्यांपुढे बैलाची बाजू सप्रमाण मांडील असा मनुष्य पशुवैद्यावाचून दुसरा कोण?

इंग्लंडातील पशुवैद्य विल्यम यूअट याने १८३९ सालीच या कर्तव्यावर ग्रंथ लिहिला होता. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नाने १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. पुढे १९६५ च्या नियमांनी गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून व तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक ओझे वर्ज्य केले. कष्टांचे असे वजन करणे विचित्र वाटेल. पण न्यायालयास ‘फार ओझे’ एवढे शब्द पुरत नाहीत. १९७८ च्या नियमांप्रमाणे गुरे दूर न्यावयाची तर ती प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. लंगडत्या गाईस तो नाकारणे त्याच्या हाती असते. व्यापारी ओळखीचा असला म्हणजे ते सोपे नसते!

१९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यास अधिकात अधिक ५० रुपये दंड ठेवला. तो वाढवावा असे सांगताना पशुवैद्यास नुसत्या दयेच्या भाषेने भागत नाही. किती बैल, कोणत्या व्रणाने, कोणत्या महिन्यात आले, हे दवाखान्याच्या नोंदवहीत लिहिलेले असावे लागते.