आधी मोजा, मग बोला



एक दोन रुपयांचे आणि एक पाच रुपयांचे अशी दोन नाणी एकदम उडवली. एकावर छापा आणि दुसऱ्यावर काटा येण्याची संभाव्यता किती? पुढे वाचण्यापूर्वी आपले उत्तर कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

पुष्कळ जण असा विचार करतात : दोन्ही छापे, दोन्ही काटे, किंवा एक छापा व एक काटा. शक्यता तीन, त्यांपैकी हवी ती एक, म्हणून उत्तर १/३. हे बरोबर असेल तर १०० वेळा नाणी उडवल्यावर सुमारे ३३ वेळा एक छापा व एक काटा मिळायला हवा. प्रत्यक्ष उडवून पाहा. तुमची संख्या ५० च्या आसपास येईल. मग मोजण्यात कोठे चुकले? ते शोधण्यासाठी प्रथम मोजण्याच्या तीन साध्या रीती पक्क्या करून घेऊ.

रीत पहिली : गुणाकार

सायकलच्या आकडी कुलपाला तीन चकत्या आहेत आणि प्रत्येक चकतीवर ० ते ९ असे दहा अंक आहेत. पहिल्या चकतीच्या दहा स्थितींपैकी प्रत्येकीबरोबर दुसरीच्या दहा स्थिती, आणि त्या प्रत्येक जोडीबरोबर तिसरीच्या दहा. म्हणून एकूण आकडे १० × १० × १० = १०००. आता समजा, कुलपाचा आकडा विसरला, पण तिन्ही अंक वेगवेगळे होते एवढे आठवते. तर पहिला अंक दहा प्रकारांनी, दुसरा उरलेल्या नऊंतून आणि तिसरा आठांतून घ्यावा लागेल : १० × ९ × ८ = ७२०. एवढे आकडे लावून पाहिले की कुलूप उघडलेच पाहिजे.

रीत दुसरी : क्रम लावणे

भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथात (इ. स. ११५०) 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. त्यात असा प्रश्न आहे की, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म आलटून पालटून दिल्यास मूर्तीचे किती प्रकार होतील? पहिल्या हातासाठी चार वस्तू, दुसऱ्यासाठी तीन, तिसऱ्यासाठी दोन आणि चौथ्यासाठी उरलेली एक. ४ × ३ × २ × १ = २४. तेथेच शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, डमरू वगैरे दहा वस्तू देण्याचाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर ३६,२८,८०० येते. दर सेकंदाला एक प्रकार याप्रमाणे कोणी अहोरात्र मोजत बसला, तर त्याला बरोबर ४२ दिवस लागतील! गुणाकाराने तेच काम अर्ध्या मिनिटात होते.

काही वस्तू एकसारख्या असल्या तर क्रम कमी होतात. १, २, ६ हे अंक सहा क्रमांनी लिहिता येतात; पण १, ४, ४ हे फक्त तीन क्रमांनी (१४४, ४१४, ४४१), आणि ३, ३, ३ हे एकाच क्रमाने. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रीत तिसरी : निवड

आयुर्वेदात मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस सांगितले आहेत. त्यांतील दोन-दोन रस एकत्र केल्यास किती जोड्या होतील? पहिला रस सहा प्रकारांनी आणि दुसरा पाच प्रकारांनी, म्हणून ३०. पण मधुर-अम्ल आणि अम्ल-मधुर ही जोडी एकच. प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, म्हणून ३० ÷ २ = १५. तीन-तीन रसांचे गट ६ × ५ × ४ = १२०; परंतु प्रत्येक गट सहा क्रमांनी सहा वेळा मोजला गेला, म्हणून १२० ÷ ६ = २०. याच रीतीने पुढे गेल्यास एक, दोन, तीन, चार, पाच आणि सहा रसांचे मिळून ६ + १५ + २० + १५ + ६ + १ = ६३ प्रकार होतात. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत हीच ६३ संख्या दिली आहे.

ताळाही पाहू. प्रत्येक रस 'घेतला' किंवा 'नाही घेतला' अशा दोनच गोष्टी संभवतात. सहा रसांसाठी २ × २ × २ × २ × २ × २ = ६४. त्यातून एकही रस न घेण्याचा एक प्रकार वजा केला की ६३. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की मोजणीवर विश्वास बसतो.

आता संभाव्यता

संभाव्यता म्हणजे हव्या असलेल्या शक्यतांची संख्या भागिले एकूण शक्यतांची संख्या. पण याला एक अट आहे : मोजलेली प्रत्येक शक्यता सारख्याच संभवाची असली पाहिजे. नाण्यांच्या उदाहरणात हीच अट मोडली. दोन रुपयांचे नाणे प्रथम लिहू : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. या चार शक्यता सारख्या संभवाच्या आहेत. त्यांपैकी दोन आपल्याला हव्या आहेत. म्हणून उत्तर २/४, म्हणजे १/२. नाणी अगदी एकसारखी घेतली तरी हे बदलत नाही. आपल्याला फरक दिसला नाही म्हणून दोन नाण्यांचे एक नाणे होत नाही.

गॅलिलिओपुढेही असाच एक प्रश्न आला होता. तीन फासे टाकले असता बेरीज ९ येण्याचे सहा गट आहेत आणि १० येण्याचेही सहाच. तरीही मुरलेल्या जुगाऱ्यांच्या मते १० अधिक वेळा येत असे. हे कसे? गट मांडून प्रत्येकाचे क्रम मोजू.

बेरीज ९ : १-२-६ (६ क्रम), १-३-५ (६), १-४-४ (३), २-२-५ (३), २-३-४ (६), ३-३-३ (१). एकूण २५.

बेरीज १० : १-३-६ (६), १-४-५ (६), २-२-६ (३), २-३-५ (६), २-४-४ (३), ३-३-४ (३). एकूण २७.

तीन फाशांचे एकूण प्रकार ६ × ६ × ६ = २१६. म्हणजे संभाव्यता २५/२१६ आणि २७/२१६. केवळ खेळून हा बारीक फरक खात्रीने कळायला हजारो वेळा फासे टाकावे लागतील. कागदावर तो पाच मिनिटांत कळतो.

निसर्ग कसे मोजतो?

कोणत्या शक्यता सारख्या संभवाच्या, हे मात्र नुसत्या गणिताने ठरत नाही. १९२४ मध्ये डाक्का विद्यापीठातील भौतिकीचे अध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी वेगळ्या रीतीने केली. दोन प्रकाशकण दोन कप्प्यांत ठेवायचे आहेत असे समजा. नाण्यांप्रमाणे मोजले तर प्रकार चार होतात. बोस यांच्या रीतीने ते तीनच होतात : दोन्ही पहिल्यात, दोन्ही दुसऱ्यात, किंवा प्रत्येकात एक. आणि हे तिन्ही सारख्याच संभवाचे! कारण 'हा कण' आणि 'तो कण' असा भेद प्रकाशकणांत मुळातच नाही. या मोजणीतून तापलेल्या वस्तूच्या प्रारणाविषयीचा प्लांक यांचा नियम अचूक मिळाला. आइन्स्टाइन यांनी हा लेख स्वतः जर्मन भाषेत आणून प्रसिद्ध करविला. अशा कणांना आज 'बोसॉन' म्हणतात.

म्हणजे नाण्यांच्या बाबतीत जे १/३ चूक, ते प्रकाशकणांच्या बाबतीत बरोबर! म्हणून गणित करताना 'किती?' याच्याबरोबर 'मी मोजलेल्या शक्यता सारख्या संभवाच्या आहेत ना?' हा प्रश्नही प्रत्येक वेळी स्वतःला विचारा.

सरावासाठी

१. 'कनक' या शब्दातील अक्षरे किती क्रमांनी लिहिता येतील?

२. दहा मुलांतून कबड्डीसाठी सात जणांचा संघ किती प्रकारांनी निवडता येईल? (सूचना : कोणाला वगळायचे ते ठरवा.)

३. वरील कुलपावर डोळे मिटून आकडा लावला, तर निदान दोन अंक सारखे असण्याची संभाव्यता किती?

४. एक नाणे दोनदा उडवून निदान एक छापा मिळवायचा आहे. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये असे मांडले : पहिल्यांदाच छापा आला तर काम झाले, नाहीतर काटा-छापा किंवा काटा-काटा. शक्यता तीन, अनुकूल दोन, म्हणून २/३. यात चूक कोठे आहे?

उत्तरे : (१) ३. (२) १२०. (३) २८०/१०००, म्हणजे ७/२५. (४) पहिल्यांदाच छापा येण्याची संभाव्यता १/२, तर इतर दोहोंची प्रत्येकी १/४. म्हणून या तीन शक्यता सारख्या संभवाच्या नाहीत. खरे उत्तर ३/४.