वाचलेला कोळसा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तेथील भूमीत कथील आणि तांबे ही धातुद्रव्ये पूर्वी विपुल सापडत. परंतु खाणी जसजशा खोल जात, तसतसे त्यांत पाणी साचे आणि ते उपसल्यावाचून मजुरांना खाली उतरता येत नसे. या कामी थॉमस न्यूकोमेन याने १७१२ साली सिद्ध केलेले वाफेचे यंत्र उपयोगी पडू लागले. यंत्र गुणी होते, पण अतिशय खादाड होते. कोळशाच्या खाणीपाशी त्याची ही खादाडी कोणास जाणवत नसे. कारण विक्रीस न लागणारा कोळशाचा चुरा तेथे हवा तेवढा पडलेला असे. कॉर्नवॉलमध्ये मात्र कोळसा मुळीच नव्हता. तो वेल्स प्रांतातून गलबतांनी आणावा लागे. त्यामुळे खाणीतून निघणाऱ्या धातूच्या मोलाचा मोठा वाटा पाणी उपसण्यातच खर्च होई.

या यंत्राचा दोष कशात होता, हे ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट नावाच्या तरुण कारागिराने हेरले. न्यूकोमेनच्या यंत्रात एका मोठ्या नळकांड्यात वाफ भरीत आणि लगेच आत गार पाणी उडवून ती थंड करीत. वाफेचे पाणी होताच आत पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. पण वाफेबरोबर नळकांडेही थंड होई. पुढच्या खेपेची पुष्कळशी वाफ ते पुन्हा तापविण्यातच संपून जाई. प्रत्येक भाकरीनंतर तव्यावर तांब्याभर पाणी ओतावे आणि मग तो नव्याने तापवीत बसावे, तशातलाच हा प्रकार होता! वाफ थंड करण्यासाठी निराळे भांडे जोडावे आणि नळकांडे सदैव तापलेले ठेवावे, ही युक्ती वॅटला १७६५ साली सुचली. १७६९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले आणि पुढे मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराच्या भागीदारीत १७७६ पासून त्याची यंत्रे प्रत्यक्ष कामास लागली. पूर्वीच्याच कामाला आता निम्म्याहूनही कमी कोळसा पुरू लागला.

या भागीदारांनी आपल्या यंत्राचे मोल आकारण्याची जी रीत ठरविली, ती मोठी मौजेची आहे. जुन्या यंत्राला किती कोळसा लागला असता आणि नव्याला किती लागला, यांतील अंतर काढावयाचे आणि वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा खाणमालकाने त्यांस द्यावयाचा. दट्ट्या किती वेळा वरखाली झाला हे मोजणारे लहानसे गणकयंत्र कुलूपबंद पेटीत ठेवलेले असे. कोळशाची बचत हाच ज्यांचा व्यापार, अशी ही जगातील पहिल्या काही पेढ्यांपैकी एक पेढी म्हणावी लागेल.

आता कोणीही सुज्ञ मनुष्य असेच म्हणेल, की अशी यंत्रे देशभर पसरल्यावर कोळशाचा एकूण खप घटला असला पाहिजे. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट. पाणी उपसणे स्वस्त झाल्यामुळे अधिक खोलवर खणणे परवडू लागले. कोळशाच्या खाणीही त्याच यंत्रांच्या साहाय्याने खोल गेल्या आणि कोळसा मुबलक झाला. पुढे वॅटने यंत्राला चाक फिरविण्याची जोड दिली, तेव्हा जे काम पूर्वी नदीच्या प्रवाहावर किंवा घोड्यांच्या बळावर चाले, ते वाफेकडे आले. सूतगिरण्या, पिठाच्या गिरण्या, लोखंडाचे कारखाने उभे राहिले. आगगाड्या आणि आगबोटी आल्या. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली, ती ओढणारी इंजिनेही इंग्लंडातूनच आलेली होती. जुनी खादाड यंत्रेच राहिली असती, तर यांतील कितीतरी कामे वाफेवर करण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.

ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे मांडली ती विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने. १८६५ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने ‘कोळशाचा प्रश्न’ या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडचे सारे वैभव कोळशावर उभे आहे. तो संपत आला म्हणजे पुढे काय, ही चिंता त्या काळी विचारवंतांना पडली होती. यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत, तेव्हा कोळसा कमी लागेल आणि तो पुष्कळ काळ पुरेल, असे समाधान काही जण करून घेत. जेव्हन्सने हे समाधान साफ खोडून काढले. इंधनाचा वापर काटकसरीने झाला म्हणजे त्याचा खप घटतो, ही समजूतच मुळी चुकीची आहे, असे त्याचे प्रतिपादन होते.

त्याने दिलेले स्कॉटलंडचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. जे. बी. नीलसन याने १८२८ साली झोतभट्टीत थंड हवेऐवजी तापविलेली हवा सोडण्याची रीत शोधून काढली. त्यामुळे एक टन लोखंड गाळण्यास लागणारा कोळसा पूर्वीच्या एकतृतीयांशाहूनही कमी झाला. परंतु १८३० ते १८६३ या काळात स्कॉटलंडातील या धंद्यात लागणारा एकूण कोळसा दहापट झाला! याचा हिशेब सोपा आहे. दर टनामागे कोळसा तिसरा हिस्सा आणि एकूण कोळसा दहापट; म्हणजे लोखंड सुमारे तीसपट निघू लागले. लोखंड स्वस्त झाले, स्वस्त झाले म्हणून रूळ, पूल आणि जहाजे यांसाठी त्याची मागणी वाढली, आणि त्या रुळांवरून धावणाऱ्या इंजिनांना पुन्हा कोळसाच लागला.

या कोड्याचे मर्म असे, की माणसाला कोळसा नको असतो. त्याला काम हवे असते. पाणी वर यावे, चाक फिरावे, दिवा लागावा, एवढीच त्याची इच्छा. यंत्र सुधारले की ते काम स्वस्त होते आणि जी वस्तू स्वस्त होते, ती लोक अधिक वापरतात. शिवाय बचत झालेला पैसा काही पेटीत पडून राहत नाही. त्यातून दुसरी एखादी वस्तू घेतली जाते आणि ती घडविण्यासही इंधन जळतेच.

जेव्हन्सचे सर्वच अंदाज खरे ठरले असे मात्र नाही. खनिज तेल कोळशाची जागा घेईल, हे त्याला संभवनीय वाटले नव्हते. टंचाईचे भय त्याच्या मनात इतके खोल रुजले होते, की त्याने कागदाचाही मोठा साठा करून ठेवला. तो पन्नास वर्षांनंतरही त्याच्या मुलांना संपविता आला नव्हता, असे केन्स या अर्थशास्त्रज्ञाने नमूद केले आहे. पण मूळ मुद्दा ढळला नाही. त्याने ग्रंथ लिहिला तेव्हा ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे दहा कोटी टन कोळसा निघत होता. १९१३ साली तो सुमारे एकोणतीस कोटी टनांवर गेला. या अर्धशतकात यंत्रे तर सतत सुधारतच होती.

आजच्या घरातील दिव्याकडे पाहिले तरी हाच न्याय थोडाफार दिसून येतो. पूर्वीचा साठ वॅटचा तारेचा दिवा जेवढा प्रकाश देई, जवळजवळ तेवढा आता नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. भारत सरकारने २०१५ साली हाती घेतलेल्या योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक असे दिवे स्वस्तात वाटले गेले. त्यामुळे दिव्यांमागची वीज निःसंशय वाचली. त्याबरोबरच एका दिव्याच्या जागी चार दिवे आले, इमारतींच्या दर्शनी भागांवर रात्रभर रोषणाई दिसू लागली आणि चौकाचौकांत जाहिरातींचे प्रकाशमान पडदे उभे राहिले. देशाचा एकूण विजेचा खप या काळात वाढला. त्याचे खापर दिव्यांवर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. नव्याने वीज पोचलेली घरे, पंप, कारखाने आणि वातानुकूलन यंत्रे यांचा वाटा त्यात फार मोठा आहे.

येथे आणखी एक विवेक केला पाहिजे. ज्या घरात काल रॉकेलची चिमणी होती, तेथे आज दोन दिवे लागले आणि मुले रात्री अभ्यास करू लागली, तर त्या वाढीला उधळपट्टी म्हणणे निष्ठुरपणाचे ठरेल. उलट ज्या घरात पुरेसा उजेड आधीच आहे, तेथे दिवा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट उजेडात बसत नाही. तेथील बचत बव्हंशी टिकून राहते. तेव्हा वाचलेल्या इंधनापैकी किती पुन्हा खर्ची पडते, हे वस्तूवर आणि ती वापरणाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असते. सगळीच बचत नेहमी वाहून जाते असे नाही. केव्हा किती जाते, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत.

ब्रिटनचा कोळसा अखेर कमी झाला, तो निराळ्याच मार्गाने. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पसरलेल्या विषारी धुक्याने हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर १९५६ साली तेथील संसदेने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि शहरांतील चुलींतून धुराचा कोळसा हद्दपार होऊ लागला. पुढे उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू घरोघरी आला, १९६८ साली रेल्वेने आपल्या नित्याच्या गाड्यांवरील वाफेची इंजिने बंद केली, आणि २०१३ पासून वीजकेंद्रांना कोळसा जाळण्याबद्दल जादा कर भरावा लागला. कोळशाची वीज महाग पडू लागली आणि वायूची व वाऱ्याची वीज तिच्या जागी आली. ज्या देशात वॅटने कोळसा वाचविला, त्या देशातील कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्र नॉटिंगहॅम शहराजवळ होते. ते ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले.