जिन्यालगतची भिंत

भाईंदर पूर्वेच्या आमच्या लहानशा वाचनालयात जिन्यालगत एक कोरी भिंत होती. तिच्यावर महाराष्ट्रातल्या लोकगायकांच्या तसबिरी लावायच्या, असं आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं. अमेरिकेत नॅशव्हिलला तिथल्या 'कंट्री' संगीतातल्या मानकऱ्यांना १९६१पासून असा सन्मान मिळतो. प्रत्येकाची ब्राँझची पाटी, तीवर चेहरा. आपल्या शाहिरांना, लावणी गाणाऱ्या बायकांना, ढोलकीवाल्यांना निदान एक भिंत तरी हवी, एवढंच मनात होतं. दोन वर्षांत जे कळलं, ते लिहून ठेवतो.

१. यादी खोलीत बसून करू नये.
आमची पहिली यादी घाटावरच्याच नावांनी भरली होती. वाचनालयात नातवाला सोडायला येणाऱ्या उत्तनच्या एका मावशींनी ती वाचली आणि विचारलं, "मास्तर, यान आमचा कोन हाय?" मला उत्तर देता आलं नाही. समुद्र आमच्यापासून काही किलोमीटरवर, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नांतली गाणी त्याहूनही जवळ, आणि यादीत त्यांचं काहीच नाही.

२. आवाजामागची माणसं आधी शोधावीत.
'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झालं. ते कोणाचं, असं मुलांना विचारलं की शाहीर साबळे हे नाव लगेच येतं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, हे क्वचितच कोणी सांगतं. लाल बावटा कलापथकाचं तेच. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या तसबिरी आम्ही हौसेने टांगल्या. एका निवृत्त गिरणी कामगाराने त्यांच्यापुढे उभं राहून शांतपणे विचारलं, "आणि गव्हाणकर?" द. ना. गव्हाणकरांशिवाय ते कलापथक पुरं होत नाही. तिसरी चौकट महिन्याभराने लागली. नॅशव्हिलच्या पहिल्या तिघांतसुद्धा जिमी रॉजर्स आणि हँक विल्यम्स या गायकांबरोबर फ्रेड रोज हा गीतकार आणि प्रकाशक आहे, हे मला त्यानंतर वाचनात आलं.

३. माणूस हयात असताना बोलवावं.
विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची तसबीर लावताना माझा हात थरथरला. पोटुशी असताना फडावर नाचता नाचता कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची कथा महाराष्ट्र सांगतो. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरीही अखेरचे दिवस हलाखीचे गेले आणि २००२ मध्ये त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. त्या पुरस्काराचा मला आदर आहे. पण मुलांना ही कथा सांगताना मी बाळंतपणापाशी थांबत नाही, शेवटच्या दिवसांपर्यंत जातो. तेही त्यांना कळायला हवं.

म्हणून आमच्या भिंतीवर हयात माणसंही आहेत. काशीमिऱ्याला राहणारे, आयुष्य फडावर काढलेले एक ढोलकीवाले आम्ही बोलावले. नाव लावू नका म्हणाले, म्हणून हातांचा फोटो लावला. त्या दिवशी त्यांनी मांडीवर ढोलकी घेतली, कड्या सरकवून दोरी ताणली, पुडीवर बोट टेकवून कान जवळ नेला, पुन्हा एक कडी ओढली. चांगली दहा मिनिटं. एकाही मुलाने हालचाल केली नाही. मग पहिली थाप पडली आणि खालच्या दुकानातली माणसं जिना चढून वर आली.

४. सनावळी दोनदा तपासावी.
पाटी रंगवून झाल्यावर चूक सापडली की खर्चही दुप्पट आणि घरच्यांचं मनही दुखावतं. आमच्याकडून एकदा झालं.

५. ज्या गाण्यांना कर्ता नाही, त्यांनाही चौकट द्यावी.
मावशींचा प्रश्न वर्षभर डोक्यात होता. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला निघालेल्या बायका जी गाणी म्हणतात, ती कोणी रचली? एकीने नव्हे. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे येताना प्रत्येकीने एखादी ओळ घातली. तसबीर कोणाची लावणार? अखेर आम्ही या गाण्यांच्या साथीला वाजणाऱ्या घुमट या मातीच्या वाद्याचं चित्र काढून घेतलं आणि खाली रंगवलं: 'रचना – उत्तन, पाली, चौक, डोंगरी आणि तारोडी येथील बायका.'

मावशी दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. चष्मा लावून पाटी वाचली, आपल्या गावाच्या नावावर बोट टेकवलं आणि तिथेच, जिन्यात, तिघींनी गायला सुरुवात केली. आमची ग्रंथपाल मुलगी जे कागद हाताला लागतील त्यांवर शब्द उतरवत होती, तेही पुरेनात.

पुढच्या रविवारी राई गावच्या एक आजी आल्या. पाटी खालपासून वरपर्यंत वाचून म्हणाल्या, "राईचा नाव कुठं हाय?" पेंटरला पुन्हा बोलावलंय. या खेपेला पाटीवर खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडायला सांगितली आहे.